ध्रुवाच्या आड माड

गोव्यात आकाश नोव्हेंबर ते मे एवढंच असतं. जूनपासून वर जे दिसतं त्याला आकाश म्हणायचं ते जुन्या ओळखीखातर. सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस कोसळत असताना दुर्बीण कपाटात, पेटत्या बल्बच्या शेजारी, सिलिका जेलच्या पुड्यांच्या गराड्यात बाळंतिणीसारखी शेकत पडलेली असते. भिंगाला बुरशी धरू नये म्हणून हा थाट. घरातल्या पापडांना एवढी ऊब कधी लाभली नाही, हे मला दर श्रावणात ऐकवलं जातं.

पाऊस सरतो तो कोजागिरीच्या आसपास. एवढी वाट पाहून ढग हटावेत आणि वर काय, तर पुरता गरगरीत चंद्र! आख्खा पेडणे तालुका त्या रात्री भगवतीच्या देवळापाशी लोटतो. पेडण्याची पुनव भुतंखेतं उतरवण्यासाठी नावाजलेली. चंद्राच्या उजेडात दीर्घिका नि तेजोमेघ पार पुसून जातात, त्यामुळे पौर्णिमेवर दात-ओठ खाणारा पेडण्यात बहुधा मी एकटाच. मलाही एकदा तिथे नेऊन आणावं, असं घरात हल्ली गंभीरपणे बोललं जातं.

खरी अडचण ध्रुवाची. पृथ्वी फिरते, म्हणून तारे तासाला 15 अंश सरकतात. अंधूक तेजोमेघ टिपायला शटर मिनिटभर उघडं ठेवायचं, तर दुर्बिणीलाही ताऱ्यामागून तितकंच सरकावं लागतं. आणि त्यासाठी तिच्या बैठकीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर, तर जेवढा गावचा अक्षांश तेवढा. श्रीनगरकरांचा 34 अंशांवर. आमचा जेमतेम पावणेसोळा. हात लांब करून मूठ धरली की 10 अंश झाकतात, म्हणजे पेडण्याचा ध्रुव दीड मुठीवर. नेमक्या त्या दीड मुठीत शेजाऱ्यांचा माड उभा आहे. विष्णूने अढळपद ध्रुवाला दिलं खरं, आमच्या परसात ते माडाने बळकावलं.

एकदा धीर करून शेजाऱ्यांकडे विषय काढला. गडग्यावर हात टेकून ते म्हणाले, "माड कापूं? मागीर नाल्ल कोण दितलो? तुजो ध्रुव?"

यावर कुठल्याही खगोलशास्त्राच्या पुस्तकात उत्तर नाही. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा तुमची-आमची मनुष्यजात जन्मालाही आली नव्हती. एवढी मजल तो बिनबोभाट मारतो आणि शेवटच्या वीसेक मीटरांत चुडतात अडकतो. जो चुडतातून सुटला तो दंवात सापडतो. जानेवारीच्या रात्री भिंग असं घामेजतं, की बायकोचा हेअर ड्रायर घेऊन त्याची समजूत काढावी लागते. त्यातूनही वाचलेल्या प्रकाशावर जानेवारी 2023 पासून मोप्याच्या विमानतळावरची विमानं रेघ मारून जातात. एकाच जागेचे पुष्कळ फोटो संगणकात एकावर एक रचले की ती रेघ निघून जाते. माड निघत नाही.

सासुरवाडी डिचोलीची. माडाला कंटाळून दुर्बीण तिथे न्यावी, तर तिथे धूळ. मंगळ लाल दिसतो तो लोखंडाच्या गंजामुळे, आणि डिचोलीने नेमका तसलाच माल बार्जींत भरून मांडवीतून मुरगावला नि तिथून जपानला, मग चीनला धाडला. सासरे म्हणतात, "जांवयबाब, मंगळ पळोवपाक दुर्बीण कित्याक? व्हाणो काडात आनी पांय पळयात."

शिवाय हा साळच्या गड्यांच्या जत्रेचा तालुका, त्या रात्री माळावर गूढ दिवे दिसतात अशी श्रद्धा. रात्री माळावर हलणारा दिवा इथे कुणी हसण्यावारी नेत नाही. माझी टॉर्च लाल, कारण लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. खालच्या वाड्यातून कुणीतरी त्या दिव्याला हात जोडले, असं मेव्हणा सांगत आला. श्रद्धेला धक्का नको म्हणून परतताना टॉर्च एकदम न मालवता मी जरा रुबाबात, सावकाश उतरलो.

उत्तरेने नाडलं तरी दक्षिणेने भरपाई केली आहे. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला, म्हापशाच्या उजेडाच्या वर, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ 27 अंशांवर येतो. सुमारे एक कोटी ताऱ्यांचा तो गोळा लंडनमध्ये कधी उगवतच नाही. दक्षिणेचं आकाश बघायला एडमंड हॅलेला गलबतात बसून सेंट हेलेना बेट गाठावं लागलं. तिथून 1677 मध्ये त्याने हा गुच्छ नोंदला. मला विहिरीपर्यंत जावं लागतं. गोव्यात दुर्बीण लावणाऱ्याने ध्रुवासाठी रडत बसून दक्षिणेकडे पाठ फिरवू नये, हे माझं ठाम मत.

मी शनी पहिल्यांदा पाहिला तो पणजीत, जुंता हाउसच्या गच्चीवरच्या सार्वजनिक वेधशाळेत. पर्सिव्हल नोरोन्हा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या खगोलप्रेमींच्या संस्थेची ती वेधशाळा. नोरोन्हा 2019 मध्ये गेले, पण गोव्यातल्या कितीतरी जणांना वर मान करायची सवय लावून गेले. तोच कित्ता गिरवत मी परसात वाड्यातल्यांना बोलावतो. त्यांतल्या निम्म्यांना साडेसाती कधी संपते एवढंच हवं असतं. 2025 च्या नोव्हेंबरात शेजारच्या काकी आल्या, आधी शनीला नमस्कार करून मग डोळा लावला आणि म्हणाल्या, "कडीं खंय?" कडी तेव्हा आपल्याकडे धार करून उभी होती, त्यामुळे नुसती सुईसारखी रेघ दिसत होती. 1612 मध्ये ती अशीच दिसेनाशी झाली, तेव्हा गॅलिलिओही चक्रावला होता. काकी चक्रावल्या नाहीत. त्यांनी दुर्बीण बिघडल्याचं वाडाभर सांगितलं.

तुम्हीही या, पण अमावास्येच्या मागेपुढे या आणि पत्रिका घरी ठेवा. शनीची कडी पुन्हा पुरती उघडतील ती 2032 मध्ये. ज्यांना घाई आहे त्यांनी तोवर गुरू बघून घ्यावा.