एक बाजू, एक पिन

अप्पांकडे गाणं ऐकायला जायचं तर घरून जेवूनच निघावं. गाणं तीन मिनिटांचं असतं, पण पिन ठरायला पाऊण तास लागतो.

अप्पा डोंबिवलीचे. बँकेच्या लेजरवर मान मोडून निवृत्त झालेले आणि काटकसरीत मुरलेले. लग्नपत्रिकेची कोरी बाजू किराण्याच्या यादीला वापरायची, दुधाच्या पिशव्या धुऊन तारेवर वाळत घालायच्या, टूथपेस्टची ट्यूब शेवटी लाटण्याखाली द्यायची, अशी घराची शिस्त. अशा माणसाला छंद कोणता लागावा? तर दर तीन मिनिटांनी एक कोरी, चकचकीत पोलादी वस्तू बाद करायला लावणारा. चावीच्या ग्रामोफोनचा हा पहिला नियम आहे. तबकडीची एक बाजू वाजली की पिन बदलायची. अप्पा तो सोवळ्यासारखा पाळतात. आधी मी मनातल्या मनात गणित करत असे की एका संध्याकाळी दहा बाजू म्हणजे दहा पिना, आणि मला काकूंची दया येई. आता अप्पांची येते.

या नियमामागचं कारण अप्पा न विचारता सांगतात. ७८ आरपीएमच्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची भुकटी मिसळलेली असते, आणि ती मुद्दाम मिसळलेली असते. पिन पोलादाची खरी, पण मऊ पोलादाची. पहिल्या काही फेऱ्यांतच ती भुकटी पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करून टाकते. झिजायचं ते पिनेनं, गाण्यानं नाही, असा हा करार. पण बाजू संपेपर्यंत त्या टोकाला दोन्हीकडून धार आलेली असते. तीच पिन पुढच्या गाण्याला लावली, की तिला धरणाऱ्या साउंडबॉक्सचं सगळं वजन अंगावर घेऊन ती खाचेच्या भिंती खरवडत जाते.

"मग बालगंधर्वांच्या आवाजात उरेल काय? खरखर!" हे म्हणताना त्यांचा सूर काउंटरवर खोट्या सहीचा चेक आल्यासारखा होतो.

नंतर पिनांच्या डब्या निघतात. एका डबीवर कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला तो जगप्रसिद्ध कुत्रा. मूळ चित्रात हा कुत्रा एडिसनच्या नळकांड्याच्या फोनोग्राफपुढे बसला होता. १८९९ साली फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराने त्या यंत्रावरच ग्रामोफोन रंगवला, आणि मगच ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेतलं. अप्पांच्या मते बिचाऱ्याचे तेव्हापासून हाल सुरू झाले. फोनोग्राफची सुई कायमची बसवलेली असे, बदलायची भानगड नव्हती. ग्रामोफोनपुढे येऊन बसला आणि पिनेच्या फेऱ्यात सापडला.

डब्यांत लाउड, मीडियम, सॉफ्ट असे तीन पंथ. जाड पिन खाचेतली थरथर जशीच्या तशी साउंडबॉक्सच्या पडद्यापर्यंत पोचवते. बारीक पिन वाटेत स्वतःच थोडी लवते आणि आवाज मवाळ होतो. या यंत्राला आवाज कमीजास्त करायचं बटण नाही. पिन हेच बटण. शेजारी कुरकुरले की कर्ण्यात टॉवेल कोंबणारेही महाभाग असतात, पण त्यांना अप्पा माणसांत धरत नाहीत.

आता निवड. आधी पंखा बंद होतो. मग खोलीत माणसं किती, खिडक्या किती उघड्या, हवा दमट की कोरडी, याची पाहणी. मग तबकडीची कुंडली. १९२५च्या सुमाराला मायक्रोफोन आला. त्याआधीचं गाणं असेल तर गायकाने भोंग्यात तोंड घालून, जीव तोडून ते कोरलेलं. त्याला लाउड हवी, नाहीतर तो बिचारा भिंतीपलीकडून गातोय असं वाटतं. मायक्रोफोनवरचं असेल तर मीडियम. सतार, सारंगी असली तर सॉफ्ट. सनईला लाउड लावायची नाही, खालच्या मजल्यावरचे अहेर घेऊन वर येतील. यातलं शास्त्र किती आणि अप्पांची आवड किती, हे वेगळं काढायच्या फंदात मी पडत नाही. एकदा एक पाहुणा बोलून गेला, "लावा हो कुठलीही, काय फरक पडतो?" त्याला चहा मिळाला, पण साखरेशिवाय.

पिनांच्या खरेदीसाठी अप्पा शुक्रवारी पहाटेच्या लोकलने मुंबई गाठतात. त्या दिवशी चोरबाजारात उजाडायच्या आधीच पथाऱ्या लागतात. तिथे झगमगीत पितळी कर्ण्यांचे नवेकोरे 'पुराणे' ग्रामोफोन असतात, हॉटेलच्या दारात ठेवायला बरे. अप्पा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते उकिडवे बसून गंजक्या डब्या चाळतात आणि खिशातून घड्याळजीचं भिंग काढतात. एकेक पिन उजेडात धरून तिचं टोक तपासायचं. गंज असेल तर बाद, टोकाला चकाकता सपाट ठिपका दिसला तर वापरलेली, म्हणजे तीही बाद. जुन्या डब्यांत कुणीतरी वापरलेल्या पिना परत टाकून ठेवलेल्या असतात, आणि असे लोक अप्पांच्या लेखी खिसेकापूंच्या दोन पायऱ्या खाली. दुकानदार सुरुवातीला भाव सांगतो, मग गप्प होतो, मग शेजारच्याला "जरा बघ रे" म्हणून चहाला जातो.

तरी काटकसर स्वस्थ बसू देत नाहीच. युरोपातल्या दर्दी लोकांनी शंभरेक वर्षांपूर्वी पोलादावर बहिष्कार टाकून बांबूच्या आणि निवडुंगाच्या काट्याच्या सुया वापरल्या होत्या, हे अप्पांना कळलं त्या दिवशी घरात उत्सव झाला. बांबूची सुई बोथटली की टोक छाटायचं आणि पुन्हा लावायची! तबकडीला इजा कमी, आवाज मुलायम, आणि टाकून द्यायचं काही नाही. ट्यूब लाटण्याखाली देणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? उन्हाळाभर बांबू चालला. मग जून आला. डोंबिवलीच्या पावसात बांबूने ओल धरली आणि ऐन तानेत सुईने मान टाकली. बुवा गुळण्या करत गायल्यासारखे ऐकू येऊ लागले. अप्पांनी सुया पापडाच्या डब्यात, कोरड्या राहाव्यात म्हणून, हलवल्या. पाहुण्यांना वाढायला पापड काढले तेव्हा काकूंना त्या सापडल्या. पुढचा संवाद मला दोघांकडून ऐकायला मिळाला आणि दोन्ही आवृत्त्या जुळत नाहीत.

नंतर बाभळीच्या काट्यांचा काळ आला. अप्पा रविवारी बदलापूरच्या पुढे रानात जायचे आणि पिशवी भरून काटे आणायचे. मग काचकागदावर घासून त्यांना टोक काढत बसायचे. पोलादावर वाजून खरबरलेल्या खाचा काट्याला अर्ध्या गाण्यात खाऊन टाकतात, त्यामुळे प्रत्येक अंतऱ्याला थांबून काटा घासावा लागे. काकू एवढंच म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी बदलापूरला नेलं नाहीत."

शेवटी पोलाद परत आलं. पण बाद झालेल्या पिनांचं करायचं काय? नियम सांगतो, टाका. अप्पा टाकत नाहीत. कचऱ्यात टाकल्या तर सफाई कामगाराच्या हाताला टोचतील, हे त्यांचं वरकरणी कारण, आणि ते खरंही आहे. खरं कारण श्रीखंडाच्या डब्यात आहे. त्यावर लग्नपत्रिकेच्या कपट्यावर 'वापरलेल्या' असं लिहून चिकटवलंय, आणि आता असे तीन डबे झालेत. काकू त्यातल्या पिना नोटीस बोर्डाला वापरतात, सोसायटीच्या हिशोबाचे कागद त्यांच्यावर लटकतात. भंगारवाल्याने एकदा डबा तराजूत टाकला. अप्पांनी आकडा ऐकला आणि डबा उचलून परत कपाटात ठेवला. एवढी वर्षं ऐकलेलं गाणं किलोच्या भावाने विकायचं, हे त्यांना जमेना.

पुतण्या एकदा विनाइलचा लाँगप्ले घेऊन आला, "यावर लावून बघू या." अप्पांनी तो दोन बोटांनी धरून त्याला परत दिला. पोलादी पिन त्यावर टेकली तर पहिल्याच फेऱ्यात खाचा जातील. पुतण्या म्हणाला, "मग यूट्यूबवर लावतो." त्यालाही चहा बिनसाखरेचाच मिळाला.

परवा आम्ही पाच जण होतो. लाउड की मीडियम, यावर इतकी चर्चा झाली की चावी पुरती द्यायची राहिली. मीडियम ठरली, स्क्रू आवळला, साउंडबॉक्स अलगद टेकला. गाणं सुरू झालं आणि दीड मिनिटाने बाई हळूहळू खर्जात उतरू लागल्या. अप्पांनी झेप घेऊन हँडल फिरवलं, बाई पुन्हा पट्टीत आल्या. बाजू संपली. आम्ही "वा!" म्हणेपर्यंत अप्पांनी स्क्रू सैल करून पिन काढली होती आणि डोळ्याला भिंग लावलं होतं.

"बघा, बघा कशी झिजलीय ते!"

काकू आतून चहाचे कप घेऊन आल्या. "छान होतं हो. कोणतं होतं?"

"मीडियम," अप्पा म्हणाले.