रंगेल नवऱ्याची हमी

रीजन्सी प्रेमकादंबरीचा नायक पहिल्या प्रकरणात जागा होतो तेव्हा दुपार उलटलेली असते. रात्र क्लबात पत्ते कुटण्यात आणि ब्रँडी ढोसण्यात गेलेली, पहाट कुठल्याशा नटीकडे. तरी डोळ्यांखाली काळी वर्तुळं नाहीत, पोट सुटलेलं नाही, गुप्तरोग तर नाहीच नाही. शेवटच्या प्रकरणात हेच साहेब बाळाला खांद्यावर टाकून थोपटत असतात. हे असंच होणार हे ठाऊक असूनही मी मधली साडेतीनशे पानं रात्री दोनपर्यंत वाचते.

खरा रीजन्सी काळ जेमतेम नऊ वर्षांचा, १८११ ते १८२०. तिसऱ्या जॉर्जचं डोकं फिरलं म्हणून युवराज त्याच्या जागी कारभार पाहणारा रीजंट झाला. तेवढ्या वर्षांत कादंबरीवाल्यांनी इतके तरणेबांड, अविवाहित ड्यूक कोंबलेत, की लंडनच्या रस्त्यांवर त्यांच्या बग्ग्याच मावल्या नसत्या.

‘दोनाचे चार हात झाले की येईल ठिकाणावर’ हा आपल्याकडचा आशावाद तिकडेही जुनाच. सुधारलेला रंगेल हाच उत्तम नवरा, या समजुतीवर कादंबरीकार रिचर्डसनचा भारी राग. १७४७-४८मध्ये आलेल्या ‘क्लॅरिसा’च्या प्रस्तावनेतच त्याने या समजुतीविरुद्ध बजावलं. उपयोग काय? कादंबरी खंडाखंडाने येत होती, तेवढ्यात वाचक बायकांची पत्रं सुरू झाली: त्या रंगेल लव्हलेसला सुधारा आणि क्लॅरिसाशी लग्न लावून द्या! रिचर्डसन बधला नाही. रीजन्सीत प्रत्यक्ष राहिलेल्या जेन ऑस्टिननेही विलोबी, विकम, क्रॉफर्ड या आपल्या रंगेलांतल्या एकालाही सुधारून नायिकेच्या गळ्यात घातलं नाही. बाईंनी असली माणसं जवळून पाहिली असावीत.

ॲनाबेला मिलबँकने मात्र प्रयोग करून पाहिला. आपण रंगेल कवी बायरनला मार्गावर आणू, अशा विश्वासाने गणितात हुशार असलेल्या या मुलीने जानेवारी १८१५मध्ये त्याच्याशी लग्न केलं. पुढच्या जानेवारीत महिन्याभराच्या लेकीला, एडाला, घेऊन ती माहेरी परतली.

आणि तेव्हा परतणंही सोपं नव्हतं. लग्न झालं की बायकोची मिळकत बहुधा नवऱ्याची, मुलांवर हक्क त्याचा, आणि पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर पार्लमेंटचा खास कायदाच करून घ्यावा लागे. ज्याला कुणीच काही विचारू शकत नाही, असा माणूस आपण होऊन बायकोला विचारू लागतो, यातच या गोष्टींची सगळी गोडी आहे असं मला वाटतं. पापभीरू पाद्री बायकोशी नीट वागला तर त्यात वाचायचं काय?

अर्थात, साहेब आपण होऊन सुधारतात हे म्हणण्यापुरतं. लेखिकेला खटपट करावीच लागते. ज्युलिया क्विनच्या ‘द व्हायकाउंट हू लव्ह्ड मी’मध्ये (२०००) नायिका केटला या सुधारणेवर काडीचा विश्वास नाही, बहिणीला रंगेल अँथनीपासून वाचवायला ती कंबर कसून उभी. मग बागेत केटला मधमाशी चावते. अँथनीचा बाप मधमाशीच्याच डंखाने गेलेला, त्यामुळे हा घाबरून तिचं विष चोखून काढायला जातो आणि डंख नेमका चारचौघांत दाखवण्याजोग्या जागी नसतो. दोघांच्याही आया ऐन वेळी हजर, मग लग्नावाचून गत्यंतरच नाही. पार्लमेंटला जमलं नसतं ते माशीने केलं.

मला जवळची वाटते ती जॉर्जेट हेयरची ‘व्हेनिशिया’ (१९५८). नायिका ब्लॅकबेरी तोडत असताना बदनाम लॉर्ड डॅमरेल खुशाल तिचं चुंबन घेतो. ती मूर्च्छा वगैरे येऊ देत नाही. त्याच्या काव्यपंक्तींना तोडीस तोड उत्तरं देते. पुढे तो सुधारायला लागतो तो असा, की तिच्या भल्यासाठी तिलाच सोडायचं ठरवतो! आता या चांगुलपणाचं काय करायचं? व्हेनिशिया लंडनमध्ये स्वतःचंच नाव खराब करायची पद्धतशीर तजवीज करते आणि थेट त्याचं यॉर्कशायरचं घर गाठते. सुधारलेले साहेब जेवणाच्या टेबलाशी पिऊन बसलेले असतात. तिला त्याचं हसू येतं, आणि मग त्यालाही.