घरपट्टीचे बिल कसे वाचावे?
(पुणेकर घरमालकांसाठी सुलभ मार्गदर्शन)

१. भाडेकरू मान्य करा. तुमचे घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती भाडे आले असते, यावर कर ठरतो. परिसराचा दर आणि घराचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार करून महापालिका ही रक्कम काढते. घरात तुम्हीच राहता, दमडीही हाती येत नाही, ही तुमची खासगी अडचण. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे. तिथे न विकलेल्या घराची किंमत मोजतात.

२. दुरुस्ती उरका. या न आलेल्या भाड्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा होतात. उरते ते करपात्र मूल्य. एवढ्यात गच्चीची गळती थांबते, असा कायद्याचा समज आहे.

३. आपण आपल्याच घरात राहतो, हे सिद्ध करा. स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत १९७० पासून आहे. २०१९ पासून नव्याने नोंदलेल्या घरांना ती मिळेनाशी झाली, २०२३ मध्ये पीटी-३ अर्जाचा हात धरून परत आली. सोसायटीचे पत्र जोडा, रहिवासाचा पुरावा जोडा. रोज रात्री तिथेच घोरता, हे शेजाऱ्यांना ठाऊक असले तरी कागदावर यावे लागते.

४. ‘कर’ हे एकवचन समजू नका. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्षसंवर्धन, जललाभ, जलनिस्सारण, पथकर अशी सगळी भावंडे एकाच बिलात नांदतात. शिक्षण कर मात्र राज्य सरकारचा. महापालिका फक्त हमाली करते.

५. वेळ पाळा. सुरुवातीच्या मुदतीत भरणाऱ्याला सर्वसाधारण करात सूट मिळते. रेंगाळणाऱ्याला महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४. एवढे व्याज तुमची बँक ठेवीवर देत नाही, म्हणून हेवा वाटू द्यावा. तरीही न भरल्यास दारात महापालिकेचा बँड वाजतो. वरात कुणाची, हे विचारायला शेजारी येतात. पुढची पायरी जप्तीची.

६. पावतीवर फार प्रेम करू नका. ती मालकीचा पुरावा नाही आणि तिने बेकायदा मजला कायदेशीरही होत नाही.

७. आकारणी जास्त वाटल्यास जरूर अपील करा. त्यासाठी वादातली रक्कम आधी भरावी लागते. ‘कर परवडत नाही’ हे म्हणण्याचा अधिकार ज्याला तो परवडतो त्यालाच आहे.