गुडघेमास्तर

पदाचं नाव 'संशोधन सहाय्यक'. गावात तिसऱ्या दिवशी ते गळून पडतं आणि उरतो तो गुडघेमास्तर. फिजिओथेरपीची पदवी, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर वजनकाट्यासकट सगळं बिऱ्हाड, आणि नेमणूक सहा महिन्यांची, म्हणजे 'पुढचं पुढे बघू'ची. मी त्याच प्रकल्पात आकडे भरायला होतो. मोटारसायकल माझी असल्यामुळे त्याच्या मागोमाग उंबरे झिजवणंही माझ्याच वाट्याला आलं.

इतर लोक भिगवणला मासे खायला आणि रोहित पक्षी बघायला जातात. हा वारीला गेल्यासारखा जातो, कारण घरोघर फिरून सांधेदुखी मोजणारी 'कॉपकॉर्ड' पाहणी १९९६ साली तिथे सुरू झाली होती. एका पायावर उभा असलेला रोहित मी त्याला दाखवला आणि म्हटलं, "गुडघा बघ कसा उलटा वाकतो." तो हळहळला. "गुडघा नाही रे तो, घोटा! गुडघा वर पिसांत असतो." पक्षी उडून गेले, घोटा चालूच राहिला.

त्याची बोलीच बदललेली. १९८७ सालच्या नॉर्डिक प्रश्नावलीत शरीराचे नऊ भाग आणि दोन मुदती: गेले बारा महिने आणि गेले सात दिवस. ते त्याच्या इतकं अंगात मुरलंय, की आईनं फोनवर "जेवलास का?" म्हटलं की हा विचारतो, "कधीपासून कधीपर्यंत?"

खरी गंमत सोप्यावर बसलेल्या आजींपाशी. आधी संमतिपत्र. अंगठा म्हटल्याबरोबर आजींनी हात पदराखाली घेतला. मागे एकदा अंगठा दिला होता तर बांधाकडची पट्टी गेली, असं त्यांचं म्हणणं. शेवटी किराणा दुकानदार साक्षीला आला, तेव्हा कुठे शाई लागली. मग प्रश्न सुरू. चोवीस प्रश्नांची 'वोमॅक' प्रश्नावली मूळची कॅनडाची. आपल्याकडे तिला इथल्या उठण्याबसण्याप्रमाणे मुरड घातलेली आहे, पण मास्तरांना मूळ पाठ पाठ.

"मोटारीत चढता-उतरताना त्रास होतो?"

"कुनाच्या?"

"बरं, टबात उतरताना?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे पाहिलं.

मग दुखण्याची पट्टी. दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. डावं टोक म्हणजे काहीच दुखत नाही, उजवं म्हणजे सोसवतच नाही. "आजी, तुमचं दुखणं या रेघेवर कुठंय?"

"रेघंवर कशाला आसंल? गुडघ्यात हाय."

आणि मग त्या सांगू लागल्या. सकाळी आखडतो, दुपारी ठणकतो, रात्री आतून कळ निघते, जिना उतरावा तशी चमक खाली पोटरीत उतरते, आणि आभाळ भरून आलं की नुसतं कुरतडतं. फॉर्मात चौकोन एकच: वेदना, आहे किंवा नाही. मास्तर समासात बारीक अक्षरात सगळं लिहीत होता. समासातलं कुणी वाचत नाही, हे त्याला माहीत होतं. मलाही. कारण वाचणारा मीच.

"थोडक्यात किती, आजी?"

"बारा आणं."

मास्तरानं मोबाइलवर भागाकार केला. साडेसात. पण नियम असा की खूण ज्याची त्यानं करायची. आजींनी पेन धरून रेघेवर उभी काट मारली, मास्तरानं पट्टी लावली: सात पूर्णांक चार.

मूठ आवळायचं यंत्र निघालं की मात्र अर्धं गाव गोळा होतं. पाय जमिनीवर, कोपर काटकोनात, तीनदा दाबायचं. पोरांनी त्याची कुस्तीच केली. आकडा कमी आला की यंत्र खराब. आजींनी तीन वेळा दाबलं आणि विचारलं, "आता औषद?"

"औषध नाही आजी. आम्ही फक्त विचारतो."

"इचारून?"

"आकडा पुण्याला जातो."

"आन् गुडघा हितंच," म्हणत त्या चहाला उठल्या. उठताना मास्तर घड्याळ लावून बसला होता, हे त्यांनी पाहिलं नाही म्हणून बरं.

सहा महिन्यांनी फेरतपासणीला त्याच घरी गेलो. मास्तर सॅक उतरवायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. उसण. आजींनी त्याला घोंगडीवर पालथा घातला, तव्यावर निरगुडीचा पाला गरम केला, फडक्यात बांधला आणि कमरेवर ठेवला.

"कितपत दुखतंय रं?"

"आई गं! लई दुखतंय, लई!"

"आसं न्हाई," आजी पुरचुंडी दाबत म्हणाल्या, "आन्यात सांग."