हात कुणी लावला?

फाइल दिसत नाही, असं आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरतात्यांना सांगायची सोय नाही. सांगितलं की ते स्क्रीनकडे बघत नाहीत, आपल्या हातांकडे बघतात. मग चष्मा कपाळावर चढवून सावकाश विचारतात, "हात कुणी लावला?"

तुमच्याकडे तात्यांऐवजी कुणी भाऊ असतील, मॅडम असतील. प्रश्न तोच असणार.

मशीन आपणहून बिघडत नसतं, हा तात्यांचा सिद्धांत. काल चालत होतं आणि आज बंद आहे, म्हणजे मधल्या वेळात कुणाचा तरी हात लागला. प्रिंटरची शाई संपली तरी हात लागला. शिरूर स्टँडवर एसटी उशिरा लागली, तर वेळापत्रकाला हात लागला. न्हावऱ्याला एका लग्नात मठ्ठा आंबट निघाला, तेव्हा या माणसाने आचाऱ्याला मांडवामागे नेऊन चौकशी केली. आचारी रागावला, पण शेवटी कबूल झाला म्हणे. काय कबूल झाला ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

आमच्या कंपनीचा माल बनतो कुरकुंभला आणि भरून बाहेर पडतो रांजणगावहून. दोन्हीकडे एमआयडीसी, मध्ये न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. माल रस्त्याने येतो. त्याचं टेस्ट सर्टिफिकेट कुरकुंभची लॅब सर्व्हरवर टाकायची, ते आम्ही रांजणगावला उघडायचो. सर्टिफिकेटशिवाय गेटपास फाटत नाही. म्हणजे सगळी कंपनी एका फोल्डरवर उभी, आणि त्या फोल्डरवर तात्या बसलेले.

त्या फोल्डरातल्या फाइलींची ने-आण एफटीपीने व्हायची. एफटीपी ही आपल्या माणसाची करणी, असं ते अभिमानाने सांगतात, आणि ते खरं आहे. आयआयटी कानपूरमध्ये शिकून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये तिचा पहिला मसुदा लिहिला. तेव्हा रांजणगावात महागणपती होता, एमआयडीसी नव्हती. आज जे रूप चालतं त्याचे नियम १९८५ मध्ये ठरले. तात्यांचं मत विचाराल तर भूषणांनी केलं ते नीटच केलं होतं. नंतर लोकांनी हात लावला.

तर मार्चअखेर. भरलेली गाडी गेटवर, ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी ऑफिसच्या दारात, आणि सर्व्हर युजरनेम घेतोय, पासवर्ड घेतोय, आत येऊ देतोय, पण फाइलींची यादी काही दाखवत नाही. "बंद करून चालू करा ना," असं अकाउंट्समधून कुणीतरी म्हणालं. तात्यांनी त्याच्या हातांकडे बघितलं. मग कुरकुंभच्या लॅबला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"ताई, हात कुणी लावला?"

"तात्या, मी जेवायला बसलेय. हात खरकटा आहे."

संशयितांतून ताई वगळल्या गेल्या.

आधी परवानग्या तपासल्या. विंडोजवर शेअरची परवानगी वेगळी आणि फोल्डरची वेगळी. दोन्हींतली जी कडक तीच चालते. "सासूने हो म्हटलं तरी आजेसासू नाही म्हणाली की माहेर रद्द," तात्या आम्हाला समजावत होते. त्या दिवशी मात्र दोघी राजी होत्या. मग त्यांनी काळी खिडकी उघडली आणि ओठ हलवत, दोन बोटांनी टाइप करत बसले. एफटीपीचं बोलणं पोर्ट २१ वरून होतं, पण यादी किंवा फाइल त्या वाटेने येत नाही. तिच्यासाठी आमचा सर्व्हर दर वेळी नवा पोर्ट उघडतो आणि त्याचा नंबर समोरच्याला कळवतो. म्हणून त्या नंबरांचा एक पट्टा फायरवॉलमध्ये मोकळा ठेवावा लागतो. आमचा पट्टा बंद होता.

आणि इथे तात्या उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच कुणीतरी हात लावला होता.

आदल्या दिवशी पुण्याहून ऑडिटवाले आले होते. त्यांनी 'जादा' पोर्ट बंद करायला लावले, महागणपतीचं दर्शन घेतलं आणि सुरक्षिततेचं प्रमाणपत्र देऊन गेले. तेही अगदी चुकीचे नव्हते. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, वाटेत बसलेल्याला वाचता येतो. हे तात्यांनी कधीच लेखी कळवलं होतं, पासवर्ड झाकून नेणारी एसएफटीपी घेऊ म्हणून. त्या अर्जावर वरून शेरा आला होता, "सध्या चालतंय ना?"

अंधार पडायच्या आत गाडी सुटली. तात्यांचा डबा तसाच होता.

आता हेही लिहायला हवं, इच्छा नसली तरी. एकदा रात्री सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप कुरकुंभला. तात्या मोटारसायकलवर निघाले, त्या उसाच्या रस्त्याने, जिथे बिबट्याच्या भीतीने माणसं संध्याकाळी पोरांना अंगणात सोडत नाहीत. टॉवेलात गुंडाळून डिस्क पोटाशी धरून परत आले. सकाळी आम्ही कामावर गेलो तर सगळं चालू. त्यामुळे काही झालं होतं हेच कुणाला कळलं नाही, आणि शाबासकी द्यायची वेळ आली नाही. बंद पडलं की सगळ्यांच्या तोंडी तात्या, चालू असलं की तात्या करतात काय दिवसभर? ते ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत, म्हणून दिवाळीच्या मिठाईच्या यादीत त्यांचं नाव नसतं. गेल्या दिवाळीला मी माझा डबा पुढे केला. त्यांनी सील फुटलंय का ते आधी तपासलं.

हल्ली आमच्या फाइली क्लाउडवर गेल्या. अडलं की एका पत्त्यावर मेल करायचा. तक्रारीचा नंबर येतो आणि नंतर काहीच येत नाही. तात्यांकडे गेटवरचे कॅमेरे दिले आहेत. सुट्टीच्या दिवशी दौंडला, गावी, दुकानांतूनही ते कॅमेरे बसवून देतात. मी म्हटलं, तुमच्या जन्माचं सार्थक झालं, आता विचारायची गरजच नाही, हात सरळ दिसतो.

"दिसतो," तात्या म्हणाले. "गल्ल्यात पैसे कमी पडले की दुकानदार बोलावतो. बघावं तर दहातल्या आठ वेळा त्याचाच पोरगा."

"मग सांगता?"

"पोराचं नाव बापाला कोण सांगणार? फुटेज उडालं म्हणतो."

"आणि कसं उडालं असं विचारलं तर?"

तात्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"मशीन आहे ते. बिघडतं कधीकधी आपणहून."