पुडीसम्राट

तुमच्याही ओळखीत एक असेलच. वाचनाचा विषय निघायचा अवकाश, याला लगेच आपलं बालपण आठवतं आणि त्या बालपणात वाण्याच्या पुडीचा कागद असतो. "घरात पुस्तक नव्हतं हो, पण पुडीचा कागदसुद्धा मी कधी वाचल्याशिवाय सोडला नाही." हे म्हणताना आवाज खाली येतो, नजर छताकडे जाते आणि तेवढा वेळ समोरच्याने चहाचा घोट घ्यायचा नसतो.

आमचा वरच्या खोलीत राहतो. नाशिकच्या गंगापूर रोडला ज्याच्या घरावर एक खोली जास्तीची, त्याच्याकडे एक विद्यार्थी हा असायचाच. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवणकडून पोरं एसटीने येतात, के.टी.एच.एम. महाविद्यालयात नाव घालतात, पदवी पदरात पाडून घेतात आणि मग 'राज्यसेवेचं करतोय' असं सांगत अभ्यासिकेतली एक खुर्ची धरून बसतात. आमचा दिंडोरी तालुक्यातला. खोली बघायला आला तेव्हा, मास्तरकी केलेला माणूस मी, सहज विचारलं, "वाचनाची आवड आहे का रे?" भाडं ठरायचं बाजूला राहिलं. आधी पुडी निघाली. त्या दिवशी पुडीत गूळ होता.

महिन्याभरात त्याच पुडीत शेंगदाणे आले. जेहान सर्कलच्या पुढे एकदा मिसळ खायला गेलो, तर शेव आली. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं, पण कागदावरचा मजकूरही श्रोते बघून बदलायचा. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, त्या कागदावर हमखास कविता असे. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला अब्दुल कलामांवरचा लेख. मुलाखतीचा सराव घेणाऱ्या सरांपुढे तो अग्रलेख झाला. आणि सोयरिकीच्या निमित्ताने निफाडचे एक द्राक्ष बागायतदार येऊन बसले, तेव्हा त्याच कागदावर कांद्याचे बाजारभाव छापून आले. एवढी बहुप्रसवा पुडी मी दुसरी पाहिली नाही. घरात आम्ही त्याला पुडीसम्राट म्हणू लागलो, अर्थात तो खाली नसताना.

एकदा जवळच्याच एका महाविद्यालयात याचं 'माझा वाचनप्रवास' या विषयावर पाच मिनिटांचं भाषण होतं. प्रमुख पाहुण्यांना घाई असल्यामुळे ते आधी बोलले. त्यांच्याही बालपणात पुडी निघाली. हे पाहुणे कुठल्या घरातले ते अख्ख्या नाशिकला ठाऊक. त्यांच्याकडे गूळ आला असलाच, तर तो ढेपेने आला असणार. पण टाळ्या पडल्या. आमचा संध्याकाळी पायऱ्यांवर डोकं धरून बसला होता. "काका, माझी पुडी नेली त्यांनी."

"मग तू काय बोललास?"

"मीही पुडीच सांगितली. दुसरं काही तयारच नव्हतं."

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने छापील शाईच्या धोक्यामुळे वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं 2016 साली बजावलं होतं, आणि 2023 साली पुन्हा. ती बातमी मी त्याला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवली. तो गंभीर झाला. म्हणाला, "काका, हा खेड्यापाड्यातल्या वाचनसंस्कृतीवर घाला आहे." त्याच्या पुढच्या भाषणात ते वाक्य आलंही.

आता एवढा वाचनवेडा पोरगा वाचत काय असेल, असं तुम्हाला वाटेल. वाचतो, खरंच वाचतो. सार्वजनिक वाचनालय म्हणजे आमचं 'सावाना', 1840 सालचं. तिथं मीच त्याला सभासद करून दिलं. पुस्तकं मुदतीच्या आत परत जातात, कारण तो प्रत्येक पुस्तक निम्म्यावर सोडतो. माझ्या कपाटातली परत येतात तेव्हाही बरोबर मध्यावर एसटीचं तिकीट असतं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातली पुस्तकांची पेटी आमच्या वाचकगटात आली, तेव्हा "अर्धी पेटी संपवली काका," असं त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते शब्दशः खरं होतं. पेटीतलं प्रत्येक पुस्तक त्याने अर्धं वाचलं होतं. कोणत्याही कादंबरीवर तो तासभर रंगून बोलेल, पण नायकाचं शेवटी काय झालं विचारलंत, तर "ते वाचकावर सोडलंय," म्हणतो.

उलट आमच्या हिने लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. ते विद्यापीठ 1989 चं, याच रस्त्याने पुढे गेलं की गंगापूर धरणाच्या अलीकडे गोवर्धनला. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. आमच्या घरी ती गंगा ओट्यापर्यंत आली. पुस्तक कुकरला टेकवून उघडं, एका हातात लाटणं. हळदीचे डाग पडलेली ती पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली आहेत. पण हिला आजवर कोणी वाचनप्रवास सांगायला बोलावलेलं नाही, आणि तिनेही कधी सांगितला नाही.

लिहिण्याची गत आणखी निराळी. पूर्वी राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत बहुतेक पेपरांत चारातला एक पर्याय निवडून गोल काळा केला की भागत असे. ती वर्णनात्मक करायचं ठरलं, 2023 साली पुण्यात उमेदवार रस्त्यावर बसले, मुदत मिळाली आणि 2025 पासून ती पद्धत अमलात आली. नऊ पेपर, 1750 गुण, त्यात एक निबंधाचा. वर्षानुवर्षं गोल भरण्यात हात बसलेली ही पिढी एकदम वाक्यं लिहायला बसली. आमचा निबंध लिहून माझ्याकडे तपासायला आणू लागला. समास झोकात, अक्षर मोत्यासारखं. विषय 'हवामानबदल'. पहिलं वाक्य : लहानपणी पुडीचा कागद पावसात भिजायचा. विषय 'सहकार चळवळ'. पहिलं वाक्य : सोसायटीच्या दुकानातून येणारी पुडी. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' दिला. म्हटलं, आता बघू. तर, यंत्राला पुडीवरचा मजकूर वाचता येईल, पण कागदाला लागलेला गुळाचा वास येईल का? हे वाक्य चांगलं होतं. मी तसं त्याला सांगितलं नाही, नाहीतर तो विषय सोडून गुळावरच राहिला असता. आणि सगळे निबंध अर्धेच. दोन पानं झाली की पेन थांबायचं. "पुढचं सुचत नाही काका."

मग परवा आमच्या हिच्या हातून शेंगदाण्याची बरणी निसटली. काचा वेचल्या, दाणे निवडले, पण रिकामा डबा एकही नव्हता. हा नेमका भाड्याचे पैसे घेऊन दारात. "काकू, सरका," म्हणाला. रद्दीतला पेपर ओढला, घडीवरून नख फिरवलं आणि सर्रकन चतकोर तुकडा निघाला. डावा हात फिरला, कागद गुंडाळला गेला, टोक आत मुडपलं, मूठभर दाणे पडले, तोंड दुमडून आत खोचलं, झाली पुडी. दुसरी, तिसरी. मी आयुष्यभर वाण्याकडे उभा राहिलो, पण एवढा सफाईचा हात पाहिला नव्हता. चौथ्या कागदाला मात्र हात थांबला. तो वाचत होता.

"हे कुठे शिकलास रे?"

"आमचंच दुकान आहे ना."

म्हणजे गावातलं किराणा दुकान याच्याच वडिलांचं. शाळेतून आला की हा गल्ल्यापाशी बसायचा. नाशिकहून किलोवर रद्दी यायची, ती फाडायची, पुड्या बांधायच्या. बांधता बांधता वाचायचं. गिऱ्हाईक खोळंबायचं, वडील ओरडायचे, "पुडी बांध, पारायण करू नको." अर्ध्यावर आलेली गोष्ट डाळीभोवती गुंडाळली जायची आणि गिऱ्हाईक ती घेऊन निघून जायचं. सहावीत असताना एका दिवाळी अंकातल्या गोष्टीच्या मागे तो खरोखरच धावला होता. हरभऱ्याच्या डाळीची पुडी घेऊन गेलेल्या बाईंच्या वस्तीवर पोचला, तोवर त्यांनी डाळ शिजत घातली होती आणि कागदाने चूल पेटवली होती.

"अरे, मग हे का सांगत नाहीस भाषणात? गिऱ्हाईक होऊन गूळ, शेंगदाणे, शेव कशाला विकत घेत बसतोस?"

तो हसला. "दुकानदाराच्या पोराचा वाचनप्रवास कोण ऐकणार काका? पुस्तक घ्यायची ऐपत नव्हती असं म्हटलं की लोक गप्प होतात. ऐपत होती, पण गावात पुस्तकच मिळत नव्हतं, असं म्हटलं की घड्याळं बघतात."

यात खोट काढायला मला जागा सापडली नाही. व्यासपीठाला गरिबी लागते. ती घरची नसेल तर पाहुण्यांसारखी बाहेरून आणावी लागते, आणि आमच्या पोराने निदान पुडी तरी घरचीच वापरली होती. अर्थात, यावरून त्याने माझी पुस्तकं तिकीट घालून अर्ध्यावर परत करावीत असं काही सिद्ध होत नाही. ते मी त्याला लगेच सुनावलं. तो "हो काका," म्हणाला आणि चौथा कागद पुडी न करता घडी घालून खिशात टाकून वर गेला. गावी दुकानात आता सगळं हवाबंद पाकिटात येतं. गल्ल्यावर धाकटा भाऊ बसतो. त्याच्यापुढे वाचायला असतं ते वजन आणि किंमत.

डाळीबरोबर गेलेली ती दिवाळी अंकातली गोष्ट अशी होती, म्हणे. आडबाजूचं लहान स्टेशन. स्टेशनमास्तरची बायको रोज रात्री एक पत्र लिहिते आणि कंदिलाच्या खोलीत लपवून ठेवते. एका रात्री, तिथं कधीच न थांबणारी गाडी थांबते. एक माणूस उतरतो आणि तिला माहेरच्या नावाने हाक मारतो. इथं पान संपलं. लेखक कोण, अंक कोणता, वर्ष कोणतं, काहीच माहीत नाही, कारण तेवढा भाग आदल्या गिऱ्हाइकाच्या साखरेला गेला होता. हिने चार भगिनी मंडळांत विचारून झालं आहे, मीही 'सावाना'तले जुने दिवाळी अंक चाळतो आहे. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर ही गोष्ट पुरी पडलेली असेल, तर कृपा करून कळवा. झेरॉक्सचे पैसे मी देईन, आणि भाड्यात धरणार नाही.