जागरणवाले अण्णा

अण्णांकडे लॅपटॉप कशासाठी आहे, असं कुणी विचारलं की काकू सांगतात, "दुरुस्तीसाठी." यात चेष्टा नसते. मेल ते फोनवर बघतात, विजेचं बिल काकू भरतात आणि क्रिकेट टीव्हीवर असतंच. लॅपटॉप उघडायचा तो लॅपटॉपकडे बघायला. त्यावर लिनक्स आहे, हे सोसायटीत नव्याने आलेल्या बिऱ्हाडालाही पहिल्या आठवड्यात कळतं. टँकरचं विचारायला गेलेला माणूस कर्नल म्हणजे काय ते ऐकून परत येतो. टँकरचं राहूनच जातं.

उभी नोकरी सबस्टेशनवर झालेली. वीज कुठून येते, कुठे जाते आणि मधल्यामध्ये कोण खातं, याची चौकशी त्यांच्या रक्तातच. संध्याकाळी पॉवरटॉप लावून कुठला प्रोग्रॅम किती वॅट ओढतो ते बघत बसतात. बॅटरी ८० टक्क्यांच्या वर चढू देत नाहीत. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन हे वीज सांभाळणारे दोन्ही प्रोग्रॅम एकाच मशिनवर चालू ठेवणाऱ्याला ते माणसात धरत नाहीत. "एका फीडरला दोन ऑपरेटर? कुणी खटका पाडला ते कळणार कसं?"

पण त्यांचा खरा विषय झोप. लॅपटॉपची. स्वतःची कधीच गेली. मुंजीच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या व्याह्यांना विचारलं, "तुमचा झोपतो का नीट?" व्याही संकोचले, म्हणाले, "रात्री दोनदा उठावं लागतं." अण्णा जिलबी बाजूला सारून म्हणाले, "यूएसबीचा माऊस काढून ठेवत जा. उठणार नाही."

१९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून मशिनच्या झोपेचे-जागेचे, म्हणजे एसीपीआयचे, नियम बांधले, तिथपासून अण्णा दुःखाची सुरुवात धरतात. तरी जुनी एस-थ्री झोप त्यांना मान्य होती: रॅमला जिवापुरती वीज, बाकी घरभर अंधार. आता आली आहे एस-टू-आयडल. हिच्यात कुणीच पुरतं बंद होत नाही, सगळे नुसते पडून असतात. आणि एखादं उपकरण जागं राहिलं की सकाळी बॅटरी रिकामी. बऱ्याच नव्या लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये एस-थ्री ठेवलेलीच नाही. अण्णांच्या जुन्या मशिनमध्ये आहे. रोज चहाआधी ते मेम-स्लीप नावाची फाईल उघडून 'डीप' या शब्दाभोवतीचा चौकोनी कंस जागेवर आहे ना, ते पाहतात. तो आपण होऊन कुठे जाणार, हे विचारायची सोय नाही.

अशा माणसाचा लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात भर कामात झोपू लागला. अण्णांची तब्येत एकदम सुधारली. बॅटरी उतरली म्हणावं, तर ७० टक्के. जीनोमचं आपोआप झोपवणं त्यांनी कधीच बंद केलेलं. तापला म्हणावं, तर तापलेलं मशिन डुलकी काढत नाही, सरळ बंद पडतं. मग जर्नल काढलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं: 'लिड क्लोज्ड'. लगेच पुढच्या ओळीत सस्पेंड.

झाकण तर डोळ्यांसमोर सताड उघडं.

"जर्नल खोटं बोलत नाही," अण्णा म्हणाले, आणि झाकणाकडे संशयाने बघू लागले. मला साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं. मी झाकण धरून ठेवायचं, त्यांनी टाइप करायचं.

झाकण मिटल्याचं मशिनला कळतं कसं, हे त्यांनी मला तेव्हाच समजावलं. हल्ली तिथे खटका नसतो. झाकणात चुंबक असतो आणि खालच्या अंगात एक इवलासा सेन्सर. चुंबक जवळ आला, की झाकण मिटलं. "इथे, या बाजूला कुठेतरी," असं म्हणून त्यांनी डावा हात कीबोर्डच्या कडेने फिरवला. हातात मेहुण्याने सांधेदुखीवर आणून दिलेलं चुंबकाचं कडं होतं. पडदा काळा झाला.

"कडं काढा," दारातून काकू म्हणाल्या.

चुंबकाने सांधेदुखीला गुण येतो याला पुरावा नाही. लॅपटॉपला झोप येते याला मात्र आता होता. पण अण्णांनी कडं काढलं नाही. ते त्यांना फार सोपं वाटलं असावं. उलट त्याच कड्याने सेन्सरची नेमकी जागा शोधून तिथे पेन्सिलीने फुली मारली. मग लॉगइंडच्या फायलीत 'हँडल-लिड-स्विच'पुढे 'इग्नोर' लिहिलं. झाकण मिटो की उघडो, मशिनने लक्षच द्यायचं नाही. लॅपटॉप जागा राहू लागला आणि अण्णा उदास झाले. विचारपूस करायला गेलो तर चक्क टँकरबद्दल बोलले.

मग ते एसटीने कोल्हापूरला निघाले. सवयीप्रमाणे झाकण मिटलं, लॅपटॉप बॅगेत, बॅग मांडीवर. कराडच्या स्टँडवरून मला फोन आला.

"अरे, बॅगेची इस्त्री झालीय! मांडी भाजतेय. झाकण बंद आणि गडी टक्क जागा!" आवाज तरण्या पोरासारखा. "आता तुझी काकू म्हणेल, ती 'इग्नोर'ची ओळ काढून टाका. तसं काही करायचं नाही. रात्री परत येतोय. जर्नल काढू. तू जागा राहा."